परदेशातल्या मुलांची उर्दू आणि मराठी: घरात काय करता येईल, मदत कुठे मिळेल

पिंप्राळा, मेहरूण, भुसावळ, रावेर, धुळे इथल्या बऱ्याच घरांतलं कुणी ना कुणी आज आखाती देशात आहे. पूर्वी कमावता माणूस एकटा जायचा. मुलं इथेच दादा-दादीजवळ राहायची आणि जवळच्या उर्दू किंवा मराठी शाळेत शिकायची. आता बायको-मुलांना सोबत नेणारेही पुष्कळ आहेत. तिथे इंग्रजी माध्यमाची, सीबीएसईची भारतीय शाळा मिळते. मुलगा फाडफाड इंग्रजी बोलतो, शाळेत थोडी अरबी शिकतो, घरी अम्मीशी उर्दूत बोलतो. सगळं ठीक चाललंय असं वाटतं.

गाडी अडते ती परत येताना. आणि परत येणं दरवेळी आपल्या हातात नसतं. १९९० साली इराकनं कुवेतवर हल्ला केला, तेव्हा दोन-तीन महिन्यांत एक लाख सत्तर हजारांच्या आसपास भारतीयांना विमानानं मायदेशी आणावं लागलं. जुलै २०१७ पासून सौदी अरबनं परदेशी कामगारांच्या कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे महिना १०० रियाल शुल्क लावलं आणि ते दरवर्षी वाढवत २०२० पर्यंत ४०० वर नेलं. चार माणसं सांभाळणाऱ्या साध्या मेकॅनिकला किंवा ड्रायव्हरला हे परवडणारं नव्हतं, म्हणून कित्येकांनी बायको-मुलांना गावी पाठवून दिलं. मे २०२० मध्ये कोरोनामुळे 'वंदे भारत'ची विमानं सुरू झाली. एप्रिल २०२३ मध्ये सुदानमध्ये लढाई पेटली तेव्हा 'ऑपरेशन कावेरी' करावं लागलं. अशा वेळी माणूस बॅगेत मावेल तेवढंच घेऊन निघतो.

मग जूनमध्ये असं मूल आमच्यासारख्या शिक्षकांसमोर येऊन बसतं. वय बारा. गणित बरं, इंग्रजी उत्तम. पण उर्दूचं पुस्तक समोर ठेवलं तर वाचता येत नाही आणि मराठीच्या पुस्तकाला हात लावायला तयार नाही. बोलता दोन्ही येतं, एक जास्त, एक कमी. वाचता एकही येत नाही. वर्गातली सातवीची पोरं धडाधड वाचत असतात आणि हे मूल मान खाली घालून बसतं. हुशार मूल वर्षभरात गप्प होत जातं, हे आम्ही पाहिलं आहे.

म्हणून परदेशात असलेल्या पालकांसाठी, आणि इथून त्यांच्याशी फोनवर बोलणाऱ्या नाना-नानींसाठीही, ही माहिती एका जागी लिहून ठेवतो आहोत.

आपली भाषा म्हणजे नेमकी कोणती?

"आपली भाषा टिकवा" असं म्हटलं की आपल्याकडे लोक लगेच उर्दू समजतात. खानदेशात गोष्ट इतकी सरळ नाही. शहरातल्या बहुतेक मुस्लिम घरांत दख्खनी वळणाची उर्दू बोलली जाते आणि तिच्यात मराठी-अहिराणीचे शब्द भरलेले असतात. यावल, रावेर, चोपडा तालुक्यांतल्या तडवी बांधवांकडे मात्र घरातली भाषा वेगळी आणि शाळा बहुतेक मराठी. बाजार, शेती, दवाखाना, तहसील सगळीकडे मराठी. सातबारा मराठीत, फेरफारची नोटीस मराठीत, तलाठी भरतीच्या परीक्षेत मराठीचा स्वतंत्र भाग. सोळाव्या-सतराव्या शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' लिहिला तो मराठीतच. तेव्हा मराठी ही आपल्याला फक्त सरकारी कामापुरती भाषा आहे, असं समजण्याचं कारण नाही.

त्यात आता कायदा आहे. २०२० च्या कायद्यानं महाराष्ट्रातल्या सगळ्या शाळांत, कुठल्याही बोर्डाच्या आणि कुठल्याही माध्यमाच्या, मराठी शिकवणं सक्तीचं झालं. २०२०-२१ मध्ये पहिली आणि सहावीपासून सुरुवात झाली आणि पुढे दरवर्षी एकेक इयत्ता वाढत गेली. "परत आलो तर इंग्लिश मीडियमला टाकू, मराठीची कटकटच नको" हा मार्ग त्यामुळे राहिलेला नाही.

आमच्या मते परदेशात राहणाऱ्या खानदेशी घरानं दोन्हींचा विचार करावा: उर्दू आपल्या घरासाठी, दीनी किताबांसाठी, अदबसाठी, मराठी आपल्या मातीसाठी आणि परतीसाठी. दोन भाषांचं ओझं होईल असं वाटत असेल तर पुढचं वाचा. यातलं निम्मं काम मुलानं आधीच केलेलं असतं.

कुरआन वाचणारं मूल उर्दूच्या दारात उभंच आहे

परदेशात आपली मुलं सहसा नाजरा कुरआन शिकतात. मशिदीत, घरी, नाहीतर ऑनलाइन उस्तादकडे. म्हणजे अलिफ-बे त्यांना येते. अमिरातीच्या खासगी शाळांत तर अरबी हा विषय परदेशी मुलांनाही नववीपर्यंत घ्यावा लागतो. मग उर्दूसाठी नवीन काय शिकायचं? पे, टे, चे, डाल, ड़े, झ़े आणि गाफ, ही सात अक्षरं. त्यांच्या जोडीला नून-गुन्ना, दो-चश्मी हे आणि बडी ये. एवढंच. जो मुलगा सूरह यासीन वाचतो त्याला ही अक्षरं ओळखायला दोन आठवडे पुरतात.

तरीही ही मुलं उर्दू वाचत नाहीत, याची कारणं दोन. पहिलं म्हणजे कुरआन नस्ख लिपीत असतो, अक्षर सरळ रेषेत बसतं. उर्दूची किताब नस्तालीकमध्ये असते. शब्द उजवीकडून डावीकडे खाली उतरत जातो, नुक्ते इकडेतिकडे सरकतात, अक्षराचं डोकं तेवढं दिसतं. दुसरं, कुरआनात जेर-जबर-पेश लिहिलेलं असतं, उर्दूत ते नसतं, अंदाजानं वाचावं लागतं. अंदाज बांधायला शब्द आधी कानावर पडलेला असावा लागतो. बोलता येणाऱ्या मुलाला तो असतोच, त्यामुळे हे कोडं त्याला सुटण्यासारखं आहे. फक्त मधला पूल कुणीतरी बांधून द्यावा लागतो.

तो असा बांधता येतो. सुरुवातीला घरात रोज बोलले जाणारे शब्द घ्या: पानी, रोटी, चाय, टोपी, गाडी, बडी अम्मी. ते नस्तालीकमध्येच, मोठ्या अक्षरात, जेर-जबरसह लिहा आणि फ्रिजवर, दरवाजावर, डब्यांवर चिकटवा. महिन्याभरानं तेच शब्द जेर-जबर काढून लिहा. मग दोन-दोन शब्दांची वाक्यं. मौलवी इस्माईल मेरठी यांची 'उर्दू की पहली किताब' शंभर वर्षांहून जुनी असली तरी आजही चालते, कारण ती लहान शब्दांपासून पायरी-पायरीनं चढते. एनसीईआरटीची 'इब्तिदाई उर्दू' ही मालिकाही घरी वापरण्याजोगी आहे.

एक गोष्ट मात्र मुलाला समजावून सांगावी. तजवीदमध्ये से, सीन आणि स्वाद यांचे उच्चार वेगवेगळे शिकवले जातात. उर्दूत तिन्हींचा आवाज 'स' असतो. जाल, जे, ज्वाद, जो यांचंही तसंच. मूल उर्दू शब्द अरबी मखरजनं वाचायला लागलं तर हसू नका आणि रागावूही नका. "अक्षर तेच, पण इथे आपल्या घरच्यासारखं बोलायचं" एवढं सांगितलं की त्याला कळतं. इमला लिहिताना मात्र कुठला 'स' आणि कुठला 'ज' हे पाठ करावंच लागतं, त्याला दुसरा इलाज नाही. रोज पाच शब्दांचा इमला पुरे.

हिंदी शिकणारं मूल मराठीच्या दारात

आखाती देशांतल्या भारतीय शाळांत दुसरी भाषा म्हणून बहुतेक मुलं हिंदी घेतात. म्हणजे देवनागरी येते. मराठी वाचायला त्यात थोडीच भर घालावी लागते. ळ हे अक्षर. ऱ्या हे जोडाक्षर (दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या, हे मुलांना फार आवडतं). ॲ आणि ऑ. आणि च, ज, झ यांचे दोन-दोन आवाज: 'चार' मधला च वेगळा, 'चाक' मधला वेगळा, 'जात' मधला ज वेगळा, 'जातं' मधला वेगळा. हे कागदावर दिसत नाही, कानानंच शिकावं लागतं. म्हणून दादीचा फोन इथे पुस्तकापेक्षा जास्त कामाला येतो.

तिसरं लिंग ही खरी अडचण. उर्दू-हिंदीत दोनच. 'किताब अच्छी है' म्हणणारं मूल 'पुस्तक चांगली आहे' म्हणतं. नियम सांगत बसू नका. शब्द शिकवताना तो, ती, ते लावूनच शिकवा: ते पुस्तक, ती वही, तो फळा.

आणि मग ते शब्द, जे दिसायला आपलेच पण मराठीत अर्थ वेगळा. वर्गात आम्हाला यावर सगळ्यात जास्त वेळ द्यावा लागतो, आणि मजाही यातच येते. उर्दूत दफ्तर म्हणजे ऑफिस, मराठीत दप्तर पाठीवर घेऊन शाळेत जायचं. तालीम म्हणजे आपल्याकडे शिक्षण. मराठीत तालमीत कुस्ती होते, नाहीतर नाटकाची तालीम होते. खून उर्दूत रक्त, मराठीत थेट कत्ल. "मेरे हाथ से खून निकला" याचं शब्दशः मराठी करून सांगितलं तर काय होईल विचार करा. खाली उर्दूत रिकामं, मराठीत 'वर'च्या उलट. हिंदीतली शिक्षा म्हणजे शिक्षण, मराठीत शिक्षा म्हणजे छडी. असे शब्द एका वहीत दोन रकाने करून मुलाकडूनच लिहून घ्या. पन्नास शब्द झाले की त्याची भीती गेलेली असते. दुसऱ्या बाजूला अर्ज, हजर, गैरहजर, जमीन, वकील, फिर्याद, इमारत असे शेकडो शब्द दोन्हीकडे जवळजवळ एकाच अर्थानं आहेत. हेही त्याला दाखवा. मराठी ही कुणा दुसऱ्याची भाषा नाही, हे मुलाला भाषणापेक्षा अशा यादीतून लवकर पटतं.

पुस्तक कुठलं घ्यायचं? पालक नातेवाइकांकडून बालभारतीचं मराठी माध्यमाचं पुस्तक मागवतात आणि दुसऱ्याच धड्याला मूल अडकतं. ते पुस्तक घरात मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी असतं. मराठी दुसरी भाषा म्हणून शिकणाऱ्यांसाठी, म्हणजे उर्दू-इंग्रजी माध्यमाच्या शाळांसाठी, बालभारतीची 'सुलभभारती' नावाची वेगळी मालिका आहे. ती घ्या, आणि मुलाच्या वयापेक्षा दोन-तीन इयत्ता खालून सुरू करा. बालभारती म्हणजे १९६७ साली पुण्यात सुरू झालेलं राज्याचं पाठ्यपुस्तक मंडळ. तिची मराठी आणि उर्दू पुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावरून पीडीएफ स्वरूपात फुकट उतरवून घेता येतात. रियाधला बसूनही पिंप्राळ्याच्या शाळेतलं पुस्तक त्याच दिवशी हातात येतं. तिचंच 'किशोर' हे मासिक १९७१ पासून निघतं. उर्दूत राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषदेचं 'बच्चों की दुनिया' आहे.

रोमनचा रोग

मोबाईलवर मुलं उर्दूही इंग्रजी अक्षरांत लिहितात आणि मराठीही. मोठी माणसंही तेच करतात. आमचं मत विचाराल तर टीव्ही, गेम, इंग्रजी शाळा यांच्यापेक्षा दोन्ही लिप्यांचं जास्त नुकसान यानं केलं आहे. व्हॉइस नोटनं बोली टिकते, लिपी टिकत नाही. उपाय सोपा आहे. घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये उर्दू आणि मराठीचा कीबोर्ड सुरू करा. तो फोनच्या सेटिंगमध्येच मिळतो, पैसे पडत नाहीत. आठवड्यातले दोन दिवस ठरवा. एका दिवशी नाना-नानींना मेसेज उर्दू लिपीतच, एका दिवशी चाचांना मराठीतच. चुका होऊ द्या. ईदच्या शुभेच्छा तयार चित्र पाठवण्याऐवजी मुलानं स्वतः टाईप केलेल्या दोन ओळींच्या असू द्या.

बोलीबद्दलही एक सांगायचं आहे. आखाती शहरांत आपल्या मुलाच्या वर्गात हैदराबादचा, लखनौचा, कराचीचा मुलगा असतो. आपल्या खानदेशी उर्दूला ते हसतात. मुलगा घरी येऊन दादीच्या बोलण्यातल्या चुका काढायला लागतो आणि मग हळूहळू बोलणंच टाळतो. पालकांनी इथे आपल्या बोलीची बाजू घ्यावी. लिहायची उर्दू शुद्ध शिकवा, पण दादीला सुधारायला जाऊ नका. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी खानदेशी बोलीत होती. मुलगा सोपानदेव आणि घरच्यांनी ती ऐकून लिहून घेतली, म्हणून १९५२ मध्ये पुस्तक निघालं. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. आपल्या मुलांनाही सुट्टीच्या दिवशी नानीकडून एक कहाणी, एक रेसिपी, लग्नातली जुनी गाणी ऐकून उर्दूत नाहीतर मराठीत लिहून काढायला सांगा. एवढं मोठं श्रुतलेखन कुठलीच शाळा देत नाही.

बोली की लिपी? दोन्हींचे दाखले

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रत्नागिरी-रायगडच्या बाजूचे कोकणी मुसलमान दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला गेले. घरात कोकणी बोलायचे. तिचं शिक्षण मात्र कुठल्या शाळेत नव्हतं. मदरशात उर्दू होती, पुढे तीही मागे पडून इंग्रजी आली. आज तिथली कोकणी जुन्या पिढीपुरती राहिली आहे. मॉरिशसचा प्रकार उलटा. तिथे सरकारी प्राथमिक शाळेत हिंदी, तमिळ, तेलुगू यांच्या बरोबर उर्दू आणि मराठी दोन्ही विषय म्हणून शिकता येतात. मुलांना अक्षरं येतात, परीक्षा देतात, पण घरात सगळे क्रिओल बोलतात. केपटाऊनला बोली होती, लिपी नव्हती. मॉरिशसला लिपी आहे, घरातली बोली गेली. आपली आखातातली मुलं आज केपटाऊनच्या वाटेवर आहेत, असं आम्हाला वाटतं.

रोहिंग्यांचं उदाहरण याहून कठीण आहे. ऑगस्ट २०१७ नंतर सात लाखांहून जास्त माणसं बांगलादेशात आली. तिथल्या छावण्यांत मुलांना बरीच वर्षं धड अभ्यासक्रमच नव्हता. २०२१ च्या अखेरीपासून युनिसेफनं म्यानमारचा अभ्यासक्रम सुरू केला. ज्या देशानं हाकललं त्याचीच पुस्तकं का? कारण कधीतरी परतायचं आहे, आणि परतल्यावर मुलाला शाळेत बसता आलं पाहिजे. घर जाळलं गेलेली माणसं हा विचार करतात. आपल्याकडे तर घरही आहे आणि शाळाही.

परीक्षा आणि प्रमाणपत्र

घरच्या अभ्यासाला शेवटी कुठलीतरी परीक्षा असली की मुलं नेटानं शिकतात. सीबीएसईच्या दहावीच्या भाषांच्या यादीत मराठी आहे, उर्दूचे तर 'कोर्स ए' आणि 'कोर्स बी' असे दोन पर्याय आहेत. 'बी' दुसरी भाषा म्हणून शिकणाऱ्यांसाठी. मात्र यादीत असणं वेगळं आणि तुमच्या शाळेत शिक्षक असणं वेगळं. एकट्या पालकानं विचारलं तर "मुलं नाहीत" असं उत्तर मिळतं. दहा-बारा पालकांनी मिळून, सह्यांनिशी, पुढचं सत्र सुरू होण्याच्या चार-पाच महिने आधी अर्ज द्यावा. स्वीडनमध्ये तर कायदाच आहे: एका भाषेची किमान पाच मुलं असली आणि शिक्षक मिळत असला की नगरपालिकेनं मातृभाषेचा वर्ग द्यायचा. आखातात तसा हक्क नाही, पण संख्या दाखवली की शाळाही ऐकते.

शाळेनं नाही म्हटलं तर एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. तिच्या दहावीला मराठी आणि उर्दू हे दोन्ही विषय आहेत. वय १४ पूर्ण हवं. सगळे विषय न घेता एक ते चार विषयांपुरताही प्रवेश मिळतो. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर, आणि आखाती देशांतही तिची केंद्रं आहेत. उर्दू लिपी नव्यानं शिकणाऱ्या मोठ्या मुलांसाठी, आणि खरं तर त्यांच्या अम्मी-अब्बांसाठीही, उर्दू परिषदेचा एक वर्षाचा डिप्लोमा आहे. ऑनलाइन शिकायचं तर रेख्ताचं 'आमोजिश' आहे.

मराठीसाठी तिथल्या महाराष्ट्र मंडळांना विचारायला आपले लोक कचरतात. त्यांचे कार्यक्रम बहुतेक सणावारांचे असतात, म्हणून आपलं तिथे काय काम असं वाटतं. सणाला जाणं-न जाणं तुमच्यावर. पण मुलांचा मराठी वाचनाचा वर्ग चालत असेल तर त्याची चौकशी करायला काहीच हरकत नाही. जळगाव-धुळ्याची मुस्लिम मुलं मराठी वाचतात हे तिथल्या मराठी लोकांनाही कळायला हवं.

सुरत विसरू नका

सगळे विमानानंच जातात असं नाही. खानदेशातून सर्वात जास्त कुटुंबं रोजगारासाठी गेली ती सुरतला, लिंबायत-उधना भागात. परदेश नसला तरी मुलांची भाषा तिथेही बदलते. सुरत महापालिका गुजरातीशिवाय मराठी आणि उर्दू माध्यमाच्याही प्राथमिक शाळा चालवते. घटनेच्या ३५० ए कलमात भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत देण्याबद्दल सांगितलं आहे, त्याचं हे चांगलं उदाहरण. गुजरातमध्ये २०२३ च्या कायद्यानं पहिली ते आठवी गुजराती सक्तीची आहे. त्यामुळे उर्दू माध्यमाच्या मुलाला उर्दू, गुजराती, हिंदी, इंग्रजी येते आणि मराठी राहून जाते. अशा मुलाला मराठी शिकवणं मात्र सर्वात सोपं. गुजराती अक्षरांवरची रेघ तेवढी नसते, बरीच अक्षरं ओळखीची वाटतात, आणि ळ तर त्याला आधीच येतो.

सुट्टीत आणि परत आल्यावर

आखातातल्या भारतीय शाळांना जुलै-ऑगस्टमध्ये सुट्टी असते. आपल्याकडे तेव्हा शाळा जोरात चालू असतात. हे सहा-आठ आठवडे लग्नं आणि दावतींत संपतात. त्यातले महिनाभर, रोज एक तास, मोहल्ल्यातल्या एखाद्या उर्दू आणि एखाद्या मराठी शिक्षकाकडे मूल बसवा. चुलतभावांचं दप्तर उघडून त्यांच्या वह्या बघू द्या. घरात बारा वर्षांच्या चुलतभावानं शिकवलेलं आमच्यापेक्षा लवकर डोक्यात जातं.

कायमचं परतायचं ठरलं तर शाळा सोडल्याचा दाखला तिथल्या शाळेकडून घ्या आणि त्यावर दूतावासाचा शिक्का लागतो का, हे इथल्या शाळेला फोन करून आधी विचारा. घाईत निघावं लागलं आणि दाखला राहिला तरी घाबरू नका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे दाखल्याला उशीर झाला या कारणावरून पहिली ते आठवीचा प्रवेश सरकारी किंवा अनुदानित शाळेला नाकारता येत नाही. प्रवेश घेतानाच वर्गशिक्षकांना स्पष्ट सांगा की मूल मराठी-उर्दू बोलतं पण वाचत नाही. लपवलं तर पहिल्या चाचणीत कळतंच, आणि तेव्हा मूल सगळ्यांसमोर उघडं पडतं.

शक्य असेल तर निघायची वेळ साधा. सीबीएसईचं वर्ष मार्चमध्ये संपतं, आपल्या राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात. मार्चअखेर आलेल्या मुलाला मधले अडीच महिने मिळतात. तेवढ्यात खालच्या इयत्तांची दोन सुलभभारती आणि एक उर्दूची पहिली किताब आरामात वाचून होते.